डोंगर उजवीकडे होता

आमचे बाबा आणि काका एकाच बुटात भिलाईच्या प्लांटला जायचे. दोघंही ठेकेदाराकडे. सेफ्टी शूजशिवाय गेटमधून आत सोडत नसत आणि दोघांत मिळून जोड एकच होता. बाबांची शिफ्ट सुटली की ते गेटबाहेर बूट काढून काकांना देत आणि काकांच्या चपला घालून कोहक्याच्या घरापर्यंत पायी येत. बूट काकांच्या मापाचे. बाबांचा पाय मोठा. अंगठ्याशेजारचं बोट काळं पडलं आणि शेवटी कापावं लागलं, हे मला मायने सांगितलं.

त्या घरातून मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यात पहिला. सांगतो, कारण ते सोपं नव्हतं. मग फौजेत गेलो. ट्रेड मिळाला व्हेइकल मेकॅनिक. बाबांच्या मनात ऑफिसातली खुर्ची होती. माय म्हणाली, "बूट तं सरकारी भेटतीन ना?"

भेटले. मापाचे.

शेवटची मोठी पोस्टिंग उत्तरेत, एका खिंडीखाली रिकव्हरी डिटॅचमेंटमध्ये. काम ठरलेलं. सकाळी गाड्यांचं तेल-पाणी बघायचं, फौजी गाड्यांची रांग, कॉन्व्हॉय, वर गेली की मागून जायचं, बंद पडलेली गाडी ओढून खाली आणायची. आमच्या रिकव्हरी गाडीचे ड्रायव्हर नायक बिष्ट. गढवालचे. मी त्यांना उस्ताद म्हणायचो, ते मला ग्रॅज्युएट. "ओ ग्रेजुएट, चाय में चीनी कितनी, किताब में लिखा है क्या?" असं रोज काहीतरी.

त्या मोसमात गाडीला नवीन इंजिन बसलं. जुन्यापेक्षा बरंच ताकदीचं. गियरबॉक्स जुनाच ठेवला. बोल्ट जुळले, क्लच जुळला, गाडी चालली. आधी जो चढ ती पहिल्या गियरात रडत चढायची तो आता तिसऱ्यात चढू लागली. सगळे खूश. उस्ताद तेवढे म्हणाले, "घोड़ा नया है, टाँगा पुराना."

ऑक्टोबरमध्ये एक बंद ट्रक खाली आणत होतो. दोन्ही गाड्या जोडणारा मध्ये लोखंडी टो-बार. मागच्या ट्रकच्या स्टिअरिंगवर मी. त्याचं इंजिन बंद, म्हणून ब्रेकला लागणारी हवा पुढच्या गाडीच्या पाइपातून. दोघांजवळ वायरलेस सेट. उतरताना डावीकडे दरी, उजवीकडे डोंगर. खालच्या वळणावर दुसरी कॉन्व्हॉय थांबलेली, जवान रस्त्यात उतरून चहा घेत होते.

सेटवर आवाज आला. "ग्रेजुएट, तीसरा निकल गया."

"दोबारा डालिए, उस्ताद."

"नहीं ले रहा. सब खाली घूम रहा है."

गियर गेला म्हणजे इंजिनची पकड गेली. राहिले नुसते ब्रेक, तेही दोन गाड्यांच्या वजनाला. जळका वास मला मागे येऊ लागला.

"नीचे वालों को बोल, रास्ता छोड़ें."

मी सेटवर सांगितलं. माणसं हलली, पण गाड्या हलायला वेळ लागतो.

"अब तू कूद."

"उस्ताद..."

"ऑर्डर है. कूद."

मी दार उघडून डोंगराकडच्या नालीत उडी टाकली. खांदा निखळला. मान वर केली तेव्हा दोन्ही गाड्या पुढे गेल्या होत्या.

आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. गाडी अडवायला डोंगराशिवाय काही नव्हतं आणि डोंगर उजवीकडे होता. म्हणजे पहिला धक्का ड्रायव्हरच्या दाराला. बिष्ट उस्तादांना हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांनी स्टिअरिंग उजवीकडे कापलं.

गाडी वळणाच्या आधी थांबली. खाली कोणाला खरचटलंही नाही. उस्ताद जागीच गेले.

खांदा बरा झाल्यावर तो गियरबॉक्स मी उघडला. आतल्या शाफ्टचे दात तुटले होते. ते एका दिवसाचं काम नव्हतं. नव्या इंजिनाच्या जोराने प्रत्येक चढाला ते थोडे थोडे गेले होते आणि उतारावर सुटले.

पेन्शन घेऊन भिलाईला आलो. लहान भाऊ किशोर हेवी गाडी चालवतो. दोघांनी जवळच रसमड्याला शेड घेतलं आणि रिकव्हरी ट्रक बांधायला काढला. केशकाल घाटात लोखंडाने भरलेले ट्रेलर उलटतात, ते ओढून आणायला. दहा चाकी चेसिस, त्यावर मोठं इंजिन. चालवणार किशोर. इंजिन बसलं आणि एका सकाळी तो टेम्पोत गियरबॉक्स घेऊन आला.

"दादा, नऊ गियर हायेत. मक्खन के जैसा शिफ्ट होते. अजून काय पाहिजे तुले?"

"प्लेट वाच. इंजिनचा जोर, टॉर्क, किती झेलते?"

"साडेआठशे."

"इंजिन किती देते?"

"बाराशे. अरे पन बोल्ट बरोबर बसून राहिले ना! सब लोग चलाते हैं. तू फौजी, तुले चहातही बॉम्ब दिसते."

"हा नाही लागणार."

"मंग ऑटोमॅटिक लावून टाक. माहा पाय तरी वाचन."

ऑटोमॅटिकचा विचार मी केला होता. खाणीतल्या डंपरचा एक मिळत होता. उभ्या जागेवरून जड माल तो हळुवार उचलतो, क्लच जळत नाही. पण घाटात तासभर ओढलं की त्याचं तेल तापतं आणि तिथे तो बिघडला तर केशकालपासून रसमड्यापर्यंत उघडणारा कोणी नाही. म्हणून मी तिसराच एक गियरबॉक्स निवडला होता. साधा मॅन्युअल, सोळाशे झेलणारा, पहिला गियर रांगत चालणारा, बाजूने विंचची, म्हणजे दोर ओढणाऱ्या यंत्राची, जोडणी देणारा. त्याच्यामागे उतारावर गाडी धरून ठेवायला रिटार्डर. जड होता. गियरचा दांडा कडक होता. आमच्या चेसिसमध्ये मावतही नव्हता.

"त्याच्यासाठी चेसिसचा आडवा क्रॉसमेंबर कापा लागते," किशोर ओरडला. "प्रॉपेलर शाफ्ट छोटा करा लागते. पूरा काम दुबारा! कावून? एक कारण सांग."

बाबा डबा घेऊन आले होते, टायरवर बसले होते. मी घरी कधी न सांगितलेलं सांगितलं. तिसरा गियर निघाला इथपासून उस्तादांनी स्टिअरिंग कापलं इथपर्यंत. आवाज चढवला नाही.

किशोरने हातातला फडका खाली ठेवला.

"इतके साल तू बोलला कावून नाही?"



बाबा चपलेतला, बोट कापलेला उजवा पाय पुढे ठेवून बसले होते. म्हणाले, "मापाचा घे, किशोर."

किशोरने आपला गियरबॉक्स परत टेम्पोत चढवला. मग म्हणाला, "चलो उस्ताद. कटर काढ." त्याने मला पहिल्यांदा असं म्हटलं.

पहिलं काम केशकालचंच आलं. उलटलेला ट्रेलर विंचने उभा केला, मागे जोडला आणि उतरू लागलो. मी किशोरच्या डावीकडे. त्या घाटात डोंगर वळणागणिक बाजू बदलतो. उजवीकडे आला की माझा हात आपोआप डॅशबोर्डवर जाई.

"तिसरा आहे?"

"हाय."

पुढच्या वळणावर परत. "तिसरा?"

"हाय ना बाप्पा! किती खेप विचारशीन?"

प्रत्येक वळणावर विचारलं. अजूनही विचारतो. त्याने आता चिडणं सोडलं आहे. मी विचारायच्या आधी तोच म्हणतो, "तिसरा हाय."

नायक बिष्ट, गढवालचे, रिकव्हरी ड्रायव्हर. त्या दिवशी त्यांच्या गाडीखाली एकही माणूस आला नाही. आमची गाडी केशकाल उतरली, गियर जागेवर राहिला, आणि किशोर घरी येऊन जेवला.