साडूंचा आवक क्रमांक

जगातलं कुठलंही कुलूप पाहिलं की आमच्या साडूंना आधी त्या कुलपाची कीव येते आणि मग त्याच्या मालकाची. माझ्या मेहुणीला पाहायला आले तेव्हा मुलीला काही विचारायचं सोडून त्यांनी सासऱ्यांनाच विचारलं, "तुमच्या मागच्या दाराची कडी बाहेरून निघते, माहितेय का?" आणि पोहे अर्धे टाकून, बाहेर जाऊन, काढूनही दाखवली. मुलगा हुशार आहे, असं सासऱ्यांचं मत झालं. सासूबाईंचं मत अजून व्हायचंय.

डोंबिवलीत ते राहतात त्या सोसायटीच्या गेटवर येणाऱ्या-जाणाऱ्यांची वही असते. साडूंनी सलग पंधरा दिवस त्या वहीत नोंद केली. नाव: चोर. कोणाकडे: सगळ्यांकडे. काम: चोरी. वॉचमनने रोज इमानेइतबारे समोर सही केली. वार्षिक सभेत साडूंनी ती पानं खड्या आवाजात वाचून दाखवली. वहीत त्यामुळे काही फरक पडला नाही, पण पुढच्या सभेची नोटीस साडूंच्या दाराखाली काही सरकली नाही. एकदा तर कल्याणला एका लग्नाला गेलो असताना हे गृहस्थ खालच्या मजल्यावरच्या भलत्याच लग्नात जेवून आले, आणि वर त्या वधूपित्याला गाठून म्हणाले, "तुमच्या पंगतीत कोणीही घुसू शकतो. मी घुसलो." तो सज्जन माणूस हात जोडून म्हणाला, "जिलबी घेतलीत ना?" साडू महिनाभर अस्वस्थ होते. चूक दाखवल्यावर माणसाने चिडावं, निदान ओशाळावं, अशी त्यांची साधी अपेक्षा असते.

असा माणूस नोकरीला कुठे असावा? घरोघरी इंटरनेट देणाऱ्या एका छोट्या स्थानिक कंपनीत. तिथे वाटाड्याचं काम करणारी यंत्रं असतात. ती दिवसभर शेजारच्या यंत्रांना सांगत असतात, "अमुक ठिकाणी जायचंय? माझ्याकडून या." या यंत्रांत चालणारा प्रोग्राम जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेला, फुकट आणि उघडा, कोणीही वाचावा. कोणी वाचत नाही. आमचे साडू डबा खाताना वाचायचे. आणि एके दिवशी भेंडीची भाजी खाता खाता त्यांना भोक सापडलं. शेजारच्या यंत्राने "चाळीस ठिकाणांची नावं पाठवतोय" असं खोटंच सांगून चारच पाठवली, तर हा भोळा प्रोग्राम पुढची छत्तीस शोधत पानाबाहेर जायचा आणि धाडकन पडायचा. तो पडला की त्याच्या भरवशावरचे सगळे रस्ते बंद. एखाद्या खोडसाळ माणसाला हे कळलं असतं, तर दिवा स्टेशनपासून कुठल्या कुठे अंधार झाला असता.

साडूंनी त्या प्रोग्रामच्या कर्त्यांना पत्र लिहिलं, तेही सोसायटीला लिहितात तसंच. विषय, संदर्भ, महोदय, "वरील विषयास अनुसरून नम्रपणे कळवतो की", सगळं इंग्रजीत, शेवटी "कृपया आवक क्रमांकासह पोच द्यावी." सोसायटीने वीस वर्षांत एकदाही दिली नव्हती. सातासमुद्रापलीकडच्या त्या अनोळखी मंडळींनी चौथ्या दिवशी आभार मानून चक्क क्रमांक पाठवला. अशा प्रत्येक दोषाला क्रमांक देण्याची त्यांच्यात पद्धतच आहे म्हणे. साडू हरखले. पण खाली एक ओळ होती: दुरुस्ती तयार होऊन बाहेर पडेपर्यंत कृपया कोणालाही सांगू नये.

कोणाला? आमच्या साडूंना! ज्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्याला!

आणि वेळ कशी, तर कंपनीत मुख्य इंजिनियरची जागा रिकामी झालेली. आठ वर्षं साडू त्या खुर्चीकडे डोळे लावून बसले होते. शेठ प्रत्येकाला बोलावून विचारणार होते, यंदा काय केलंत म्हणून.

आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मला फक्त मेहुणीचा घाबराघुबरा फोन आला. "भाऊजी, तुम्ही या जरा. हे बोलतच नाहीत. काल आमटीत मीठ नव्हतं, गपचूप जेवले. मला तर बाई भीती वाटते." मी कोपरीतल्या घरून रिक्षा करून गेलो. साडू गॅलरीत बसले होते. समोरच्या इमारतीच्या जिन्याचं दार सताड उघडं होतं, त्याच्याकडे बघत होते, आणि गप्प होते.

"काय झालंय? बीपी-बिपी तपासलंत का?" मी म्हटलं.

"दादा, सांगता येत नाही."

"कोणी बाई वगैरे..."

"अहो, काहीतरीच काय! एक चूक सापडलीये. पण सांगायची नाहीये."

मला हसू आलं. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि हसू आवरलं.

शेठपुढे काय घडलं, ते पुढे त्यांनीच सांगितलं. दुसऱ्या उमेदवाराने बिलांचा रंग बदलल्याचं सांगितलं. साडू म्हणाले, "साहेब, मोठं काम केलंय. आवक क्रमांकही आहे. पण दाखवता येत नाही." शेठ म्हणाले, "अरे, तुम्ही नुसत्या दुसऱ्याच्या चुका काढता. काम कधी करणार?" खुर्ची बिलांच्या रंगाला गेली. साडूंनी तेव्हाही तोंड उघडलं नाही.

त्यानंतर दोन आठवड्यांनी दुरुस्ती आली. नवा मुख्य इंजिनियर साडूंच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "सर, काहीतरी अर्जंट आलंय. हे कसं बसवायचं?" साडूंनी डब्याच्या सुट्टीपर्यंत सगळ्या यंत्रांवर बसवून दिलं. दुरुस्तीसोबत आलेल्या पत्रकात तळाशी आभाराच्या ओळीत त्यांचं नाव होतं. तिथवर कोणी वाचलं नाही. त्या दिवशी कुठेही, काहीही बंद पडलं नाही. आमच्या साडूंचं आयुष्यातलं सर्वांत मोठं कर्तृत्व हे असं आहे, काहीही न घडलेलं. मी ते चार लोकांना सांगायला जातो, तर लोक विचारतात, "मग झालं काय?"

साडू मात्र बदलले. हल्ली सगळे म्हणतात, किती सुधारले! परवा आमच्याकडे वास्तुशांतीला आले. घर पाहुण्यांनी भरलेलं. इकडेतिकडे पाहिलं, मला हळूच कोपऱ्यात घेतलं आणि कानात कुजबुजले, "दादा, बाथरूमच्या खिडकीचा गज हलतोय. कोणाला बोलू नका. आधी बसवून घ्या."

मी म्हटलं, "अहो, मोठ्याने बोला की! सगळे आपलेच आहेत."

ते पाहुण्यांना पेढे वाटायला निघून गेले. मला फार वाईट वाटलं. तो गज मी अजून मुद्दामच बसवून घेतलेला नाही.