नवं होण्याआधी खाल्लेली काकडी

मी सूर्यमाळ सोडलं तेव्हा माझी पत्र्याची पेटी आईच्या डोक्यावर होती. आमच्या पाड्यावरून डांबरी रस्त्याला उतरायला तासभर लागायचा. पेटी मी घेते म्हटलं तर तिनं दिली नाही. सतरा वर्षांची मी, नाशिकच्या एका दवाखान्यात नर्सबाईंच्या हाताखाली शिकायला निघाले होते. एसटी आली, आई खिडकीशी आली आणि म्हणाली, "आजारी माणसाची घाण काढाय लाजू नको. आन् कोणाचं न सांगता खाऊ नको." चार आया सांगतात तसंच तिनं सांगितलं. मी मात्र खिडकीची सळई घट्ट धरून बसले. न सांगता मी एकदा खाल्लं होतं आणि ते तिला ठाऊक नव्हतं.

जे अजून पाड्यांवर आहेत त्यांना नवं म्हणजे काय ते सांगायला नको. जे माझ्यासारखे नाशिक-ठाण्याला गेले त्यांनाही नको. त्यांच्या मुलांसाठी सांगते. शेतात पहिलं जे पिकतं, काकडी असो, वरई असो, ते आधी देवाला आणि घरातल्या मेलेल्या माणसांना दाखवायचं, मग आपण खायचं. हे झालं की नवं झालं. त्याआधी कोणी तोंडात घातलं तर घरावर संकट येतं, असं आम्ही दूध पिताना शिकलो. आजही भादव्यात मंडईत काकड्यांचा ढीग दिसला की माझा हात आधी मागे जातो, मग पुढे.

मी पंधरा वर्षांची असताना आमच्या वरईच्या शेतात वेलावर एक काकडी लागली होती. कोवळी, बोटाएवढ्या जाडीची. मी ती तिथंच बसून खाल्ली, देठासकट. आठ दिवसांनी रघूदादाला ताप भरला. माझा एकुलता एक भाऊ. भगत आला, सुपात तांदूळ टाकून बघत बसला आणि म्हणाला, "नवं व्हायच्या आधी या घरात कोणी तरी खाल्लं." त्यातच घरामागे काकडीची साल सापडली. सगळ्यांनी सुकरी वहिनीकडे बघितलं. दीड वर्षापूर्वी वांगणीहून लग्न होऊन आलेली, परक्या घरची. ती जमिनीकडे बघत राहिली, हो म्हणाली नाही की नाही म्हणाली नाही. मी दाराशी उभी होते. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. दादाला डोली करून खाली नेईपर्यंत उशीर झाला. पंधरा दिवसांनी आईनं वहिनीला माहेरी धाडलं. नवरा खाल्लेली बाई, असं तिच्या पाठोपाठ वांगणीपर्यंत गेलं.

ती साल माझी नव्हती, मी तर देठसुद्धा ठेवला नव्हता, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. अपराधी माणसाला सगळ्या साली आपल्याच वाटतात.

मला घराची आठवण येते म्हणजे कशाची येते, हे मी पुष्कळदा तपासून बघितलं आहे. नाशिकला माझा दोन खोल्यांचा फ्लॅट आहे, नळाला पाणी आहे. उन्हाळ्यात झऱ्यावर हंडा लावून पाळीची वाट बघण्याची हौस मला अजिबात नाही. डोंगर फार सुंदर असतात असं माझ्या ड्यूटीवरच्या मैत्रिणी म्हणतात, तेव्हा मी म्हणते, डोक्यावर दोन हंडे घेऊन चढून बघा. आठवण येते ती वहिनीची. ती माझी वेणी घालायची आणि केस ओढले की मी ओरडायच्या आत स्वतःच ओरडायची. नागलीची भाकर थापताना तिच्या बांगड्यांचा ठेका चुकला की पुन्हा पहिल्यापासून थापायची. मला सख्खी बहीण नव्हती. दीड वर्ष होती, मग मीच घालवली.

नाशिकला होस्टेलमधल्या मैत्रिणीबरोबर मी रविवारी चर्चमध्ये उपासनेला जाऊ लागले. खरं सांगायचं तर गाणी आवडली म्हणून. राहिले ती मात्र एका उपदेशामुळे. जन्मापासून आंधळ्या माणसाकडे बघून लोकांनी प्रभूला विचारलं, पाप कोणाचं, ह्याचं की आईबापाचं? प्रभू म्हणाला, ह्याचंही नाही, त्यांचंही नाही. मी बाकावर बसून हुंदके देऊन रडले. सगळ्यांना वाटलं, पोरगी प्रभूकडे आली. आलेच होते, खोटं नाही. पण रडत होते ती सुटले म्हणून. माझ्या काकडीनं दादा मेला नव्हता. तो तापानं मेला होता.

ही सुटका मी घेतली आणि एकटीच घेऊन बसले. पुढे बाप्तिस्मा झाला. मी साक्ष देऊ लागले, म्हणजे आपल्या आयुष्यात देवानं काय केलं ते चर्चच्या मंडळीपुढे उभं राहून सांगायचं. माझी साक्ष लोकांना आवडायची. आमच्या पाड्यावर एका निरपराध बाईला कसं घालवलं, भगत काय म्हणाला, मी त्या अंधारातून कशी बाहेर आले, सगळं सांगायचे. माईकवर आवाजही चांगला लागायचा. काकडी कोणी खाल्ली आणि दाराशी गप्प कोण उभं होतं, एवढं तेवढं वगळायचे. पाप सगळं पाड्याचं, तारण तेवढं माझं.

आई गेली तेव्हा मी सूर्यमाळला गेले, पण तिला सांगायचं राहिलं ते राहिलंच. घराला कडी लावून आले आणि आता आपलं तिकडं कोणी नाही असं सगळ्यांना सांगू लागले.

मग गेल्या पावसाळ्यात वॉर्डात पेठकडची एक बाई आली. पोर तापानं फणफणलेलं. सलाईन लावताना तिनं माझा हात धरला. "सिस्टर, कोणाचं पाप असंल हो हे?" मी रोजच्या सवयीनं म्हणाले, "कोणाचं नाही, बाई. ताप आहे." तिनं एवढा मोठा श्वास सोडला की माझा हात थांबला. हे वाक्य मी बारा वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. जिला सांगायला हवं होतं तिला एकदाही नाही.

मी आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. देवाची क्षमा मी केव्हाच मागितली आहे, हेही वर सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "चांगलं केलंस. पण ती बाई वांगणीला राहते ना?" पश्चात्ताप म्हणजे वाईट वाटणं, असा माझा सोयीचा समज होता. वाईट मला रोज वाटत होतं. त्यानं वहिनीचं काय भलं झालं?

कार्तिकात मी जव्हारला उतरले. आणखी महिना गेला असता तर वांगणीची माणसं कामावर बाहेर पडली असती. जीपनं जेवढं नेलं तेवढं गेले, उरलेलं चालले. वहिनी भावाच्या ओटीवर सूप घेऊन भात पाखडत होती. केस अकाली पांढरे झालेले, हात तेच. तिनं ओळखलं, पण सूप थांबवलं नाही.

मी उभ्यानंच म्हणाले, "वहिनी, मला क्षमा कर." मंडळीतला शब्द तोंडात बसला होता. तिनं विचारलं, "म्हंजे?" आमच्या बोलीत असा शब्दच नाही. मग मी म्हणाले, "काकडी मी खाल्ली होती. तुझ्यावर आलं तेव्हा मी गप बसले. चुकलं माझं."

सूप थांबलं.

"मी पण खाल्ली व्हती," ती म्हणाली. "भूक लागली व्हती गं. साल घरामागं टाकली. मना वाटलं, मीच मारला त्याला."

ती घालवली जाताना गप्प का होती, ते मला तेव्हा कळलं. तिनं आरोप सोसला नव्हता, मान्य केला होता. ज्या दिवशी मी बाकावर बसून मोकळी झाले, त्या दिवशीही ती नवऱ्याला मारलेली बाई म्हणून जगत होती. तिला पुन्हा कोणी मागणी घातली नाही, आणि घातली असती तर ती गेली नसती.

मी तिच्याजवळ खाली बसले. "वहिनी, काकडीनं माणूस मरत नाही. ना तुझ्या, ना माझ्या. दादाला ताप होता. तो ताप मी रोज बघते, औषधानं उतरतो. आपण त्याला लवकर खाली नेलं नाही. देव असा काकडीसाठी कोणाचा नवरा नेत नाही."

"ताप व्हता?"

"ताप होता."

"खरं सांगतंस?"

"खरं."

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "तवा बोलली असतीस, तर दोघी तरी असतो." दुःख यायचं ते आलंच असतं, ते माझ्या पापानं आलं नव्हतं. पण ते एकटीनं सोसायला लावलं ते मी.

मग तिनं माझं मनगट धरलं आणि मला खळ्यावर नेलं. तिचा भाऊ, भावजय, शेजारची चार माणसं भात झोडत होती. "यांना सांग," ती म्हणाली. मंडळीपुढे कधी न अडलेली मी तिथं अडले. मग सांगितलं, काही न वगळता. कोणी रडलं नाही, कोणी आमेन म्हटलं नाही. भाऊ पेंढी हातात धरून ऐकत होता, मग त्यानं ती खाली ठेवली.

वहिनीनं मला माफ केलं असं ती आजपर्यंत म्हणालेली नाही, आणि मीही विचारत नाही. सुट्टी मिळाली की मी जाते. वॉर्डात नवीन कोणी गाव विचारलं तर आता मी आधी वांगणी सांगते, मग सूर्यमाळ. ऐकणाऱ्याला वाटतं, सासर असेल.

त्या दिवशी खळ्यावर एक म्हातारी उशिरा आली. तिनं काहीच ऐकलं नव्हतं. माझ्या साडीकडे, पर्सकडे बघून तिनं विचारलं, "ही कोण गं, सुकरी?"

"नणंद हाय माझी," वहिनी म्हणाली.