विदाच्या घराचं आढं

कोशावा सुटला की बेलग्रेडबाहेरच्या त्या टेकडीवर माणसं दारंखिडक्या लावून बसत. वारा तरी कसला, लोकरीतून आत शिरून बरगड्या मोजणारा! एरवी तरी तिथे कोण कोणाला ओळखायचं? कोणी बोस्नियातून आलेलं, कोणी दक्षिणेच्या खेड्यातून. रोज नवी भिंत उठायची नि शेजारी ओळखला जायचा तो गाडीच्या रंगावरून.

शाळेच्या स्वयंपाकघरात हयात घालवलेल्या विदोसावाने, सगळ्यांच्या विदाने, तिथेच घर बांधायला काढलं. एकटी बाई, पण खमकी. वीट तिरकी लागली की पळी घेऊन गवंड्याच्या अंगावर जायची. आज तिचं आढं चढलं होतं. आढं चढलं की शेजाऱ्यापाजाऱ्यांनी गवंड्यांसाठी सदरे-टॉवेल आणायचे, ते आढ्यावर टांगायचे, आणि मिस्त्रीने वरून एकेकाचं नाव पुकारून दुवा द्यायचा, ही रीत. ज्याचं आढं उघडं, त्याला जगात माणूस नाही.

"विदाताई, पुढच्या आठवड्यात करू," रातोमिर मिस्त्री म्हणाला. "या वाऱ्यात कुत्रं फिरकायचं नाही."

"आज म्हणजे आज! चढ वर."

दुपार कलली तरी कोणी आलं नाही. विदाने पेटी उघडली, देवाघरी गेलेल्या नवऱ्याचे, मिलुतिनचे, इस्त्रीचे सदरे काढले नि वर दिले.

"आपल्याच घराला आपलेच सदरे? लोक हसतील, ताई."

"हसायला तरी बाहेर येतील!"

रातोमिरने रागाने एकेरी गाठ मारली. कोशाव्याने एकच हिसडा दिला, नि मिलुतिनचे सदरे बाह्या पसरून निघाले की टेकडीवरून! एकाने समोरच्या धुराड्याला मिठी मारली, एक खुराड्यावर पडला, एक थेट कोणाच्या गाडीच्या काचेवर.

 विदा पदरचा सगळा धीर गोळा करून, कमरेवर हात ठेवून फाटकात उभी राहिली.

आधी गाडीवाला आला. "बाई, हा तुमचा ना? मला वाटलं, माणूसच उडत आला!"

मागून खुराडेवाली, पिसं झटकत. "माझी कोंबडी आता अंडं देईल का हो?"

"या, आत या."

"छे, नुसता द्यायला आलो."

"सदरा हातात घेऊन नव्या घराच्या दारात येता नि मागे फिरता? कोणत्या आईने शिकवलं हे?"

रीत सगळ्यांनाच ठाऊक. गाडीवाला ओशाळला, घरी पळत जाऊन कोरा टॉवेल घेऊन आला. खुराडेवालीने मुलाचा नवा सदरा आणला. धुराड्यावरचा काढायला शिडी लागली, तर शिडीबरोबर तिसरं बिऱ्हाड आलं.

रातोमिर आढ्यावर मांड ठोकून बसला. गाठ आता दुहेरी. "नावं सांगा!"

खुराडेवालीने गाडीवाल्याकडे पाहिलं. "काय की बाई. आम्ही लाल गाडीवाले म्हणतो."

"ओब्राद. आणि तुम्ही?"

"ग्रोझदा."

"ओब्राऽद! ग्रोझदाऽ! तुमची घरं भरलेली राहोत!" रातोमिर ओरडला. वारा शब्द पळवायचा, म्हणून त्याला पुन्हा पुन्हा पुकारावं लागलं.

खालच्या आळीतून एक बाई डोक्यावर टॉवेल धरून धापा टाकत येताना दिसली. "अहो मिस्त्री, उतरू नका, आमचं राहिलंय!"

विदाने तिचा हात धरला नि तिला आत ओढलं.