नाव बदल, नंबर राहू दे

तोंडानं सांगाची माही हिंमत नाई, म्हणून इथं लिहून राह्यली.

मी चिखलीत एका कृषी केंद्रात कॉम्प्युटरवर बसते. शाळा नववीतच सुटली, पण गिऱ्हाईकायले आपोआप मेसेज जातीन असं सॉफ्टवेअरमधी लावणं मले जमते. औषध नेलं की काही दिवसानं मेसेज जाते, "फवारणी कशी झाली? स्टार द्या."

आज दुपारी एका बाईनं नवऱ्याचा मोबाईल माह्यासमोर धरला. "पोरी, हे कोणाले इचारून राह्यली तू? बोंडअळीवर फवारता फवारताच त्यायले इषबाधा झाली. माती करून आठवडा झाला."

मेसेज मीच लावेल होता.

मालक म्हणे, "वहिनी, मशीनले काय समजते! काढतो नंबर. तुमचं नाव काय म्हणले?" तिनं सांगतलं.

ती पायऱ्या उतरली अन् मालक हळूच म्हणे, "येडे, नंबर नको काढू. नाव बदल. कपाशी त वावरात उभीच हाय. आता हे बाईच फवारन."

मी नाव बदललं. नवं नाव टाकलं की स्वागताचा मेसेज आपोआप जाते, हे मी इसरलीच. जीपची वाट पाहत उभ्या बाईचा मोबाईल वाजला. "आमच्या परिवारात तुमचं स्वागत हाय." तिनं वळून माह्याकडंच पाह्यलं.

मालक हासला. "पोचला ना लगेच! हुशार हाय पोरगी."

नंबर अजून तसाच हाय. काढला त माही नोकरी जाते, ठेवला त आता तिलेच स्टार मागीन. तुमी काय केलं असतं?