चॅपलच्या वळणावर तीन चाकं

विनी ओल्डरॉइडने टीव्हीवाल्याच्या कानफटात मारली, अशी इंग्लंडातल्या आमच्या क्रॅगबॉटम गावात आवई आहे. खाटकाच्या दुकानात तर दोन मारल्या असं सांगतात. साफ खोटं. त्याचा गाल लाल झाला होता, पण ते काम काटेरी कुंपणाचं. मी दहा पावलांवर उभी होते.

विनी आँटी आमच्या शेजारची. वय एकोणऐंशी, उंची पोस्टाच्या लाल पेटीएवढी. गाडी तीनचाकी: पुढे एक, मागे दोन. तरुणपणी ती नवऱ्याच्या मोटरसायकलला जोडलेल्या साइडकारमध्ये बसून डोंगरावरच्या शर्यती करायची. परवानाही मोटरसायकलचाच. त्यावर तीनचाकी चालते, चारचाकी नाही. चारचाकीची परीक्षा तिने दिलीच नाही. "मला चालवता येतं हे मला माहितीये. त्या वहीवाल्याला कशाला दाखवायचं?"

टीव्हीवरचा मोटारींचा तो रविवारचा कार्यक्रम आमच्याकडे आला तो असल्याच गाड्या उलटवायला. गाडी पडली की लोक हसतात ना! त्यांचा सूत्रसंचालक पेरेग्रिन म्हणजे लांब तंगड्या, पांढरे दात आणि प्रत्येक शब्दाला शेपूट. "मिसेस ओल्डरॉऽऽइड, ही गोऽऽड गाडी आम्हाला द्या. चॅपलच्या वळणावर तीनदा उलटवू. बदल्यात नवी कोरी चारचाकी!"

"आणि ती चालवणार कोण? तू येशील रोज?"

"म्हणजे?"

"परवाना तीन चाकांचा आहे, राजा. चौथं चाक आलं की मी बसले घरात. आमची बस मंगळवारी येते, तीही ड्रायव्हरच्या मनात असेल तर."

पेरेग्रिन हसला. "पण ही त्या वळणावर एक दिवस पडणाऽऽरच, नाही का?"

झालं. आँटीने चहाचा मग खाली ठेवला. "चल, बस माझ्या शेजारी. लाव तुझे कॅमेरे. पडली तर गाडी तुझी. नाही पडली तर जे झालं तेच दाखवायचं. कापाकापी नाही."

दिग्दर्शिका बाई तर खूशच झाली. फुकटात म्हातारीही उलटणार होती.

सगळं गाव चॅपलपाशी, म्हणजे आमच्या छोट्या चर्चपाशी, जमलं. वळण डावीकडे, उताराचं, कुंपणाला चिकटून. गाडी खडखडत आली. वेग कमी करायचं नाव नाही. तेवढ्यात आतून आँटी कडाडली, "झुक!"

"काऽऽय?"

"खिडकीतून बाहेर झुक, डावीकडे! कंबरेपर्यंत! शोभेला बसवलंय का तुला?"

मागचं डावं चाक हवेत गेलं. पेरेग्रिन झुकला. कुंपणाने त्याचा गाल किसला. "आणखी! बूड उचल, बूड!" त्याने उचललं. चाक धप्पकन खाली आलं आणि गाडी सरळ झाली.

शेजारी बसलेला माणूस म्हणजे वजन, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. लंडनवाल्याला वाटलं होतं, नुसत्या गप्पा मारायच्या.

"पुन्हा एकदा घेऊ!" दिग्दर्शिका ओरडली. "या वेळी त्यांनी झुकायचं नाही!"

आँटी थांबलीच नाही. "मासे-चिप्सचं दुकान उघडलंय. नंतर रांग लागते," एवढं म्हणाली आणि कॅमेरे मागे टाकून पेरेग्रिनसकट गेली.

पाऊण तासाने तो परतला तेव्हा हातात व्हिनेगरने भिजलेला चिप्सचा पुडा होता आणि बोलण्यातलं शेपूट गळालं होतं. "जे झालं तेच दाखवायचं," तो दिग्दर्शिकेला म्हणाला. "शब्द दिलाय." आणि दाखवलंही, बुडासकट.

आता माझं. गाडी उलटणार, असं मी आदल्या दिवशी आँटीला तोंडावर सांगितलं होतं. "लाव पैज," ती म्हणाली. "हरलीस तर हिवाळाभर वजन तू." तेव्हा दर गुरुवारी ती बाजाराला निघते, आणि भर डिसेंबरात, चॅपलच्या वळणावर, कानांना बर्फ लागत असताना, मी कंबरेपर्यंत खिडकीबाहेर.