गिण्ण न खाल्लेली बाई

मी भित्री आहे, हे आधीच सांगून टाकते. रेबीजवर, म्हणजे कुत्रं पिसाळतं त्या रोगावर आणि त्याच्या लसीवर उभं आयुष्य घालवलेल्या बाईने असं बोलू नये म्हणे. कुठे सत्कार-बित्कार असला की सूत्रसंचालक हमखास 'निर्भय संशोधक' म्हणतो आणि पहिल्या रांगेतला माझा नवरा मान खाली घालून हसतो. त्याला माहीत आहे. दुर्गदबैलाच्या बाजारात कापड घ्यायला गेलो आणि हातगाडीखाली कुत्रं पसरलेलं दिसलं की मी बोळ बदलते. तो म्हणतो, "अगं, झोपलंय ते बिचारं." मी म्हणते, झोपू दे की, मी कुठे उठवायला चाललेय.

हुबळीत मेडिकलला होते तेव्हा या रोगाचा पहिला पेशंट पाहिला. वॉर्डाच्या टोकाच्या खोलीत ठेवलेला, तरणाताठा. अगदी शुद्धीवर होता. माझ्याशी नीट बोलला, घरी कधी सोडतील म्हणून विचारलं. उकाडा होता म्हणून कुणीतरी पंखा लावला आणि नुसता वारा तोंडावर आला तसा त्याचा घसा आवळला, मान मागे गेली, डोळे मोठे झाले. ते डोळे मी विसरलेले नाही. सर बाहेर येऊन म्हणाले, लक्षणं दिसायला लागली की आपल्या हातात काही उरत नाही, लस द्यायची ती त्याच्या आधी. पुढच्या राउंडला गेलो तेव्हा ती खोली फिनेलने धुऊन काढत होते.

पोटात शिरलेली ती भीती काही बाहेर आली नाही. मी तिच्यातूनच काम केलं म्हणा. कमी इंजेक्शनांत तेवढंच संरक्षण मिळेल का, खेड्यातल्या माणसाला पुन्हा पुन्हा खेपा घालायला लागू नयेत असं काही करता येईल का, याच मागे आम्ही वर्षानुवर्षं होतो. लोकांचं रक्त घ्यायचं, त्यात अँटीबॉडी किती तयार झाल्या ते बघायचं. माझं स्वतःचं रक्त तर मी ठरल्यापेक्षा जास्तच वेळा तपासते. लॅबमधली मुलं हसतात. हसोत बापडी.

कोरोनाचा गोंधळ निवळल्यानंतरची गोष्ट आहे. सकाळी धारवाडच्या आमच्या दवाखान्यापुढे एक टेम्पो येऊन थांबला आणि त्यातून अळणावरकडचं अख्खं गाव उतरलं. म्हातारी माणसं, कडेवरची पोरं, एक ओली बाळंतीण. झालं होतं असं की गावात एक म्हैस व्याली होती. पहिल्या चिकाचं गिण्ण, म्हणजे खरवस, आमच्याकडे घरोघर वाटतात. तसं त्या घरानेही वाटलं. त्यानंतर म्हैस बिथरली, घोगऱ्या आवाजात हंबरायला लागली, लाळ गाळायला लागली आणि मेली. जनावरांच्या डॉक्टरांना संशय आला, त्यांनी मेंदूचा तुकडा आमच्या लॅबला पाठवला. रेबीज, असा रिपोर्ट आदल्याच दिवशी माझ्या सहीने गेला होता.

"बाई, गावानं गिण्ण खाल्लंय," पुढे आलेले पिकल्या मिशांचे अण्णा म्हणाले. "ल्हान पोरांनी सुदीक खाल्लंय. आता आमचं कसं?"

"कच्चा चीक कुणी प्यालात?"

"छे ओ. कच्चा कोण पितंय."

मग काही भीती नाही, मी सांगितलं. शिजवलेल्या दुधातून हा रोग होत नाही. पण कुणी जागचं हलेना. सगळ्यांना इंजेक्शन पाहिजे होतं. एक बाई वाटेत घशात बोटं घालून ओकून आली होती, तिने पुन्हा पोटावर हात दाबला. मी चिडले. मी भ्याले की चिडते, आणि जनावर पिसाळून मेल्याचं ऐकलं की मला भीती वाटतेच, पण ती गिण्णाची नव्हे. जे विचारायचं होतं ते मी मोठ्याने विचारलं.

"म्हशीच्या तोंडात हात कुणी घातला होता?"

हे का विचारते ते सांगायला हवं. या रोगात जनावराला गिळता येत नाही. वैरण तोंडातून पडते, लाळ लोंबते, पाण्याशी जाऊन ते परत फिरतं. बघणाऱ्याला वाटतं, घशात काहीतरी अडकलंय. कोय असेल, कणसाचा बुरखुंडा असेल. मग घरचं माणूस बाही सारून कोपरापर्यंत हात आत घालतं आणि चाचपून बघतं. हातावर विळ्याच्या, काट्याच्या जखमा असतातच, त्यात दाढ घासते आणि लाळ लागते. कुत्रं चावलेला माणूस घाबरून निदान दवाखान्यात येतो तरी. हात घातलेला येत नाही, कारण त्याला कुणी चावलेलंच नसतं.

मग मागून एक बाई म्हणाली, "म्हस जिची हाय, तिनं घातला असंल. तिचा लई जीव तिच्यावर."

"ती कुठे आहे?"

"ती आली न्हाई की. तिनं गिण्ण खाल्लंच न्हाई, तिचा सोमवार होता. म्हणली, तुमी जावा, मला कशाचं भ्या."

बाकीच्यांना समजवायचं काम सहकाऱ्यांवर सोपवलं आणि अण्णांना पुढे बसवून मी जीप काढायला लावली. अळणावरचा रस्ता मला एरवी आवडतो. त्या दिवशी झाडं दिसली नाहीत. हात कधी घातला असेल, आज त्याला किती दिवस झाले असतील, मनात मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिलं. अण्णा वाटभर विचारत होते, "बाई, पण तिनं खाल्लं न्हाई न्हवं?"

ती गोठ्यात होती. माझ्यापेक्षा थोडी मोठी, हाडापेराने काटक. आई गेलेल्या रेडकापुढे दुधाचं पातेलं धरलेलं, आणि त्याला प्यायला शिकवायचं म्हणून स्वतःची बोटं दुधात बुडवून त्याच्या तोंडात दिलेली. ते चुपूचुपू चोखत होतं.

"अक्का, हात काढा." माझा आवाज असा निघाला की रेडकू दचकलं.

हात साबणाने धुवायला लावले आणि उजेडात धरून पाहिले. उजव्या मनगटावर ओरखडे होते, खपली धरलेले. अंगठ्याच्या बेचक्यात विळ्याची जखम होती, ती अजून पुरती मिटलेली नव्हती.

"म्हशीच्या तोंडात हात घातला होता?"

"घातला की. बिचारी पाण्याकडं बघायची आणि तोंड फिरवायची. म्हटलं काय तरी अडकलंय. काय गावलं न्हाई."

"दाढ लागली?"

"लागली असंल. म्हस ती, दाढा असायच्याच."

"आणि आता हाताला काही होतंय?"

"मुंग्या येत्यात," ती म्हणाली. "कालपासनं जरा जास्तच."

विषाणू जिथून शिरतो तिथे कधी कधी असंच सुरू होतं. आधी मुंग्या येतात, मग ताप, मग पाण्याची भीती. हे तेच असेल तर माझी लस, माझी सगळी वर्षं, त्या हाताच्या काही कामाची नव्हती. दुसरंही असू शकतं. रोज धारा काढणाऱ्या बायकांची मनगटातली शीर दबते आणि तेव्हाही अशाच मुंग्या येतात. पहिल्या दिवशी दोन्ही सारखंच दिसतं. थांबून बघणं एवढंच माझ्या हातात होतं.

"तहान लागली, अक्का," मी म्हणाले. तिने तांब्याभर पाणी आणून दिलं. मी घोटभर प्याले आणि तांब्या तिच्याकडे सरकवला. "तुम्ही पण घ्या की."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग तांब्या वर धरून गटागटा प्याली, पदराने तोंड पुसलं. पण आज पाणी प्यालं याचा अर्थ आजच्यापुरताच असतो, हे मला माहीत होतं.

तिला घेऊन धारवाडला परत आले. तिचा मुलगा तारिहाळच्या कारखान्यात होता, तो कंपनीच्या निळ्या शर्टातच धावत आला. लसीचा असर व्हायला वेळ लागतो, म्हणून तोवर तयार अँटीबॉडी जखमेच्या भोवती टोचतात. ते फार दुखतं. तिने पदर दातात धरला आणि हूं की चूं केलं नाही. मुलाला मी व्हरांड्यात नेऊन खरं ते सांगितलं. मुंग्या शिरेच्या असतील तर आई वाचेल, रोगाच्या असतील तर वाचणार नाही. तो पायरीवर बसला.

"आईला सांगू नका, बाई," तो म्हणाला. "ती भिऊन मरंल."

मलाही तेच पटलं. त्याने रजा टाकली. रोज आईला माझ्यासमक्ष पाणी प्यायला लावायचं आणि मला फोन करायचा, असं त्याने स्वतःच ठरवलं. समक्ष म्हणजे फोन चालू ठेवून. "प्याली, बाई," एवढंच तो म्हणायचा. रायापूरच्या आमच्या घरात तो फोन आल्याशिवाय मी ताटावर बसत नसे. नवऱ्याने एकदा ताट झाकून ठेवलं आणि स्वतःही जेवला नाही. फोनला उशीर झाला की मला त्या टोकाच्या खोलीतले डोळे दिसायचे. त्यांच्या गावात रेंज येते-जाते, हे कळत होतं. कळून काय होतंय. मी फोन हातात घेऊन खिडकी ते दार येरझाऱ्या घालायची आणि वाजला की उचलायला भ्यायची.

एकदा तो म्हणाला, "बाई, आज पाणी पिताना ठसका लागला."

मी म्हणाले, "त्यांना दे फोन."

"काय ओ बाई," ती पलीकडून तणतणत म्हणाली, "ह्यो पोरगा सारखं पाणी पाजतोय मला. मी काय म्हस हाय?" आवाज घोगरा आहे का, मी कान देऊन ऐकत होते. घोगरा नव्हता. त्या रात्री तिने काय काय खाल्लं, गिळताना कसं वाटलं, हे मुलाकडून तीनतीनदा वदवून घेतलं.

इंजेक्शनं चालू राहिली. मुंग्या वाढल्या नाहीत, गेल्याही नाहीत. हाडाच्या डॉक्टरांनी मनगट तपासून शीर दबल्याचं सांगितलं, तरी मी विश्वास ठेवायला तयार नव्हते. शेवटच्या इंजेक्शनाला ती आली तोवर मात्र इतके दिवस उलटले होते की त्या मुंग्या रोगाच्या असत्या तर ती माझ्यापुढे बसलेली नसती. मुलगा गाडी लावायला गेला होता. मी म्हणाले, "अक्का, आता काही भीती नाही. मुंग्या धारा काढूनच आल्यात."

मुलगा दाराशी नाही ना, ते तिने वळून बघून घेतलं. मग म्हणाली, "माझा थोरला भाऊ असाच गेला, बाई. त्येला कुत्रं चावलं हुतं. मी ल्हान हुते. पाण्याचा तांब्या मीच न्यायची त्येच्याकडं, आणि तांब्या बघितला की त्यो भिताडाला चिकटायचा."

मी हातातली सिरिंज ट्रेमध्ये ठेवली.

"मला कुठं कोण चावलं हुतं, म्हणून मी निर्धास्त हुते. त्या दिवशी तुमी तहान लागली म्हणलासा, घोटभर प्यालासा आणि तांब्या माझ्याकडं सरकवलासा. तवाच कळलं." तिने हातातली पिशवी मांडीवर नीट ठेवली. "रोज त्यो पाणी आणायचा तवा माझा जीव घशाशी यायचा. उतरतंय का न्हाई, उतरतंय का न्हाई. पोराला कळू नये म्हणून मग गटागटा प्यायची. ठसका लागला त्या दिवशी परड्यात जाऊन रडले."

"मला का नाही विचारलंत, अक्का?"

"विचारलं असतं तर तुमी खरं सांगणार हुतासा काय?"

मी सिरिंज पुन्हा उचलली. इतके दिवस मी समजत होते की तिच्या वाटची भीती मी आणि तिचा मुलगा मिळून सोसतोय. बाहेर त्याच्या चपलांचा आवाज आला. तिने घाईने डोळे पुसले, बाही वर सारली आणि दंड माझ्यापुढे केला.

"टोचा लौकर," ती म्हणाली. "त्येला यातलं काय सांगू नगा. भिऊन मरंल त्यो."