गोष्टीतलं लंगडं गाढव

माणसाचं नाव छापून आलं की तो पेढे वाटतो. माझं आलं, आणि मी मेट्रोत बसल्या बसल्या ते पुस्तक मिटून पिशवीत जेवणाच्या डब्याखाली दाबून टाकलं. शेजारच्याला मराठी येत नव्हती, तरी.

आमच्या इथल्या मराठी मंडळाची दिवाळी स्मरणिका होती ती. तिच्यात माझी गोष्ट, वर रंगीत चित्र, आणि 'लेखक' म्हणून माझं पूर्ण नाव. मी नववीत शाळा सोडलेला माणूस. वडील गेले, मागे लहान बहिणी, म्हणून वायरिंग शिकलो आणि त्याच कामावर दुबईला आलो. रूमवरच्या लोकांनी दारातच गाठलं. "या लेखक, या! आता भांडी आम्हीच घासायची का?" एकाने तर माझ्या आईला फोन लावून सांगूनही टाकलं. आई रडली. सगळे खूश. आणि माझ्या डोक्यात एकच किडा: मंगळवारी मॅडम कायमच्या जाणार, त्यांना हे पान कुठल्या तोंडाने दाखवू?

मॅडम म्हणजे माझ्या मालकीणबाई. चिनी. इथल्या चिनी बाजारात त्यांचं दिव्यांचं दुकान. माळा, झुंबरं, दिवाळीचे आपले आकाशकंदीलसुद्धा. माझी आधीची कंपनी बंद पडली आणि व्हिसा संपत आला, तेव्हा मी दुकानांच्या दारोदार फिरत होतो. त्यांनी एवढंच विचारलं, "सीढी चढेगा?" चढतो म्हटलं. ते उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. हिंदी त्या गिऱ्हाइकांकडूनच शिकल्या. भाव करण्यापुरती आणि भांडण्यापुरती. आणि त्याच हिंदीत दुपारच्या मोकळ्या वेळी त्या गोष्ट सांगायच्या. नेहमी एकच.

एक गरीब विद्यार्थी मोठ्या परीक्षेला पायी निघालेला असतो. डोंगरात अंधार पडतो. पुढे एक खानावळ दिसते. मालकीण त्याला पोटभर जेवू घालते, निजायला जागा देते. ती असते कोल्हीण, तप करून बाई झालेली. सकाळी जाग येते तर खानावळ नाही, बाई नाही, हा आपला दवाने भिजलेल्या गवतावर. पण दाराशी बांधलेलं लंगडं गाढव तिथंच उभं. स्वयंपाकघरातली, झाकण फुटलेली लोणच्याची बरणी तिथंच. तडकलेल्या काचेचा दिवा तिथंच.

पहिल्यांदा ऐकली तेव्हा मीही विचारलं होतं, मॅडम, खानावळ खोटी तर गाढव कसं राहिलं?

"गधा झूठा नहीं," त्या म्हणाल्या. "गधा मेरे बाप का."

मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या घरात रीत आहे. ज्याला गोष्ट पुढे सांगायची, त्याने आपल्या घरातली एक खरी वस्तू तिच्यात ठेवायची. आणि आधीच्यांनी ठेवलेली काढायची नाही. बरणी आजीची. आजीच्या गोष्टीत म्हणे कोल्हीण त्या पोराला खाऊन टाकायची. वडील गाढवावर माल लादून गावोगाव फिरणारे, लोकांच्या ओसरीवर झोपणारे. त्यांनी त्याला जिवंत सोडला, शेवटच बदलला, पण बरणीला हात लावला नाही. तडकलेला दिवा मॅडमचा, दुकान उघडलं त्या दिवशी फुटलेला.

ही गोष्ट तिकडे पुस्तकांतही आहे, असं त्या सांगायच्या. कुणी शिकलेल्याने कधीकाळी वाटसरूंच्या तोंडून ऐकून लिहून काढली, त्याच्यामागून दुसऱ्याने ती सुधारली, मग नाटकवाल्यांनी घेतली, आता मोबाइलवर तिची सीरियल लागते. तिच्यात कोल्हीण झगमगीत कपडे घालते आणि सारखी रडते. "वो भी ठीक," मॅडम म्हणायच्या. "लेकिन उधर मेरा बाप नहीं."

मी माझ्या आईचा तांब्या ठेवला. पितळी, एका बाजूला पोचा आलेला. विद्यार्थी त्यातून पाणी पितो. मॅडमनी मान डोलावली. म्हणजे पास.

गेल्या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमाला लायटिंग लावायला मी शिडी घेऊन गेलो होतो. साउंडवाला यायचा होता आणि पोरं खुर्च्यांवरून उड्या मारत होती. म्हटलं बसा रे, गोष्ट सांगतो. ती पोरं इथंच वाढलेली. मी मराठीत सांगतोय, ती इंग्लिशमध्ये विचारतायत. "बट अंकल, व्हाय इज द डाँकी स्टिल देअर?" मी म्हटलं, कारण ते खरं आहे. त्यांना पटलं. पोरांना पटलं, हे लक्षात ठेवा.

स्मरणिकेचे संपादक तिथं उभे होते. मी त्यांना सर म्हणतो. डिस्कव्हरी गार्डन्सला राहतात, ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर आहेत, माणूस मदतीला धावणारा. "अरे, हे लिहून दे आम्हाला," म्हणाले. पुढे मॅडम दुकान विकून गावी परत जाणार असं ठरलं, तेव्हा माझ्यासाठी दुसरीकडे शब्द टाकतो असंही तेच म्हणाले.

लिहिली. वेलांट्या पन्नासदा खोडल्या. पहिलंच वाक्य असं होतं: ही गोष्ट आमच्या मॅडमची, त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितली, वडिलांना त्यांच्या आईने. मॅडमना सांगितलं, छापून येणार, तुम्ही जायच्या आत येणार, तुम्हाला देणार. त्यांनी एवढंच विचारलं, "गधा है?"

"है मॅडम. सब है."

आणि छापलं काय? पहिलं वाक्य नाही. गाढव नाही. बरणी नाही, दिवा नाही. सकाळी विद्यार्थी उठतो आणि त्या ओल्या गवतावर राहिलेला असतो फक्त माझ्या आईचा तांब्या.

मी सरांना फोन केला.

"काय लेखकमहाशय! खूश ना?"

"सर, गाढव नाहीये."

"कुठलं गाढव? हां, ते होय! अरे, लॉजिक बसत नाही रे त्यात. सगळं गायब होतं आणि गाढव उरतं? एकच वस्तू ठेवली की इफेक्ट बघ कसा येतो. तुझा तांब्या ठेवलाय मी. मस्त आपला टच आहे."

"आणि मॅडमचं ते पहिलं वाक्य?"

"हे बघ, या चिनी गोष्टी शेकडो वर्षं जुन्या. त्यांना लेखक नसतो. बेवारस असतात. म्हणून तर तुझं नाव टाकता आलं. तुला मोठं केलं बाबा मी! बरं, तुझ्या कामाचं याच आठवड्यात बोलतोय. इन्शाल्ला होऊन जाईल."

"हो सर. थँक्यू सर."

फोन ठेवला आणि मग मस्तकात तिडीक गेली. बेवारस? बेवारस एअरपोर्टवरची बॅग असते. बेवारस आमच्यासारखा कुणी इथं मेला आणि कागद सापडले नाहीत तर तो असतो. ज्या गोष्टीला इतके वारस की प्रत्येकजण आपल्या घरातलं काहीतरी ठेवून गेला, तिला हा शब्द लावायचा? लेखक नव्हता म्हणे. अहो, नाव लिहायला येत नव्हतं त्या आजीला, म्हणून तिने बरणी ठेवली. तीच तिची सही. तुम्ही सगळ्यांच्या सह्या पुसल्या, आणि जो शेवटी आला, परवा आला, त्या माझी तेवढी ठेवलीत. वर मी आभार मानायचे. आणि मी मानले! याचाच संताप जास्त आहे.

मंगळवारी दुकानात खोकी आणि चिकटपट्ट्या. भिंतीवर झुंबरांच्या हुकांची भोकं. टॅक्सी यायची होती. मॅडमनी हात पुढे केला, "किताब?"

दिली. त्यांनी आधी चित्र पाहिलं. चित्रातल्या कोल्हिणीला नथ होती. ते पाहून त्या हसल्या. मग म्हणाल्या, "गधा किधर?"

त्यांना मराठीचं एक अक्षर कळत नाही. कुठल्याही ओळीवर बोट ठेवलं असतं तरी खपलं असतं, आणि त्या सुखाने विमानात बसल्या असत्या. माझं बोट वर उचललंही गेलं. पण बापाचं गाढव होतं हो ते.

"नहीं है मॅडम. काट दिया."

"जार?"

"वो भी."

"मेरा लाइट?"

मी मान हलवली.

"तेरा लोटा?"

"वो है," मी म्हटलं. याइतकं अवघड उत्तर मी आयुष्यात दिलेलं नाही.

त्या जे बोलल्या ते चिनीत, आणि बराच वेळ. कुणाला ते मी विचारलं नाही. मग खोक्यांवर नंबर घालायचा जाड काळा मार्कर त्यांनी घेतला आणि माझ्या छापील नावाच्या बरोबर वर, मजकुरावरूनच, गाढव काढलं. तीन पाय सरळ, एक आखूड. शेजारी तडकलेला दिवा. मग मार्कर माझ्या हातात कोंबला. "यल्ला, जार तुम." म्हणजे चल, बरणी तू काढ.

मी बरणी काढली. झाकण फुटकं काढायला विसरलो, तर त्यांनी ओरडून फोडायला लावलं. ते पान त्यांनी फाडून घेतलं, पण खोक्यात नाही टाकलं. हातातल्या पर्समध्ये पासपोर्टशेजारी ठेवलं.

मला नवी नोकरी सरांच्याच शब्दावर लागली. उपकार आहेत, नाकारत नाही. भेटले की वाकून नमस्कार करतो. पण मंडळातल्या घराघरांत ज्या प्रती पडल्यात त्यांत गाढव नाही, आणि त्यावर माझं नाव आहे, म्हणून हे लिहितोय. पोराबाळांना ही गोष्ट सांगाल तेव्हा दाराशी लंगडं गाढव बांधा. आत लोणच्याची बरणी ठेवा, झाकण फुटलेली. तडकलेला दिवा लावा. मग तुमच्या घरातलं काय ते ठेवा. आणि जागा कमी पडली, काही काढावंच लागलं, तर माझा तांब्या काढा.